एका अभंगाला दोन तास

आपल्याकडे नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते, गवयाच्या बैठकीचे होते. फार काय, लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्याचेही होते. कीर्तनाचे मात्र होत नाही. ज्या कलेला तिकीट नसून मंडप भरतो, जिच्यासाठी माणसे थंडीत कानटोपी घालून उशिरापर्यंत सतरंजीवर बसतात, तिच्याविषयी आमच्या टीकाकारांनी एवढे मौन का पाळावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. विचारले तर उत्तर मिळते, की कीर्तन हा भक्तीचा प्रांत. तिथे टीकेचे काय काम? उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. मंडपातून घरी परतणाऱ्या बायका वाटेने जे बोलत असतात ती टीकाच असते. “चाल गोड होती, पण अर्थ काही पदरात पडला नाही,” किंवा “बुवांनी हसवलं खूप, पण अभंग कुठला होता ते आठवेना बाई,” ही वाक्ये मासिकात छापून आली असती तर आपण त्यांना मार्मिक समीक्षा म्हटले असते. ती रस्त्यावर बोलली जातात म्हणून विरून जातात, एवढेच.

तेव्हा या वेळी दिवाळीच्या फराळाबरोबर थोडे कीर्तनाचे परीक्षण वाचकांपुढे ठेवावे असा विचार आहे. काळवेळही बरी आहे. लक्ष्मीपूजन आटोपले, भाऊबीज झाली, की आळंदीच्या कार्तिकीचे वेध लागतात आणि इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवर गावोगाव सप्ताहाचे मांडव पडू लागतात. मी बोलणार आहे ते याच टापूतल्या कीर्तनाविषयी. आणि हा टापू मुद्दाम निवडला आहे.

नकाशा समोर घेऊन पाहावे. पश्चिमेला तुकोबांचे देहू, पूर्वेला ज्ञानोबांची आळंदी. आणि या दोहोंच्या मधे व भोवती तळवडे, चिखली, मोशी, भोसरी, निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी. ही सारी नावे आज कारखान्यांच्या पत्त्यांवर छापली जातात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी करीत करीत यंत्रे इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर गेली आणि तिथे देशी-परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिले. तुकोबा ज्या भामचंद्राच्या डोंगरावर एकांतासाठी जाऊन बसत असे परंपरा सांगते, त्या डोंगरावर आज उभे राहिले तर खाली दूरवर कारखान्यांची लांबच लांब छपरे दिसतात. तुकोबांची पालखी आषाढीला निघाली, की देहूबाहेरचा पहिला मोठा मुक्काम करते तो आकुर्डीला; म्हणजे स्कूटरच्या कारखान्यामुळे जे नाव देशभर गेले त्याच गावी. आपल्या साहित्याचा एवढा मोठा ठेवा आणि आपल्या उद्योगाची एवढी मोठी धांदल इतक्या लागून महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे नांदत असतील असे मला वाटत नाही.

या धांदलीचे माप सेकंदांत असते. कारखान्यात ‘सायकल टाइम’ असा शब्द आहे. एका माणसाने एका नगावर आपले काम करायला किती वेळ घ्यायचा, तो वेळ. नग समोर येतो, बोल्ट आवळायचे, नग पुढे जातो, दुसरा येतो. नेमून दिलेल्या सेकंदांत हे बसले पाहिजे. बसले नाही तर पुढचा खोळंबतो. पाळी संपेपर्यंत तेच हात, तीच हालचाल. यात कुणाची निंदा करण्याचा हेतू नाही. या सेकंदांवर लाखो घरांच्या चुली पेटल्या आहेत. लातूर, बीड, परभणी, बुलढाणा, जळगाव अशा कुठून कुठून आलेल्या माणसांनी इथे एक-एक खोली करून पोरे शिकवली आहेत. येताना त्यांनी ट्रंकेत कपडे आणले तसे कुणी टाळही आणले. म्हणून तर चिखली-मोशीसारख्या ठिकाणी नव्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत सप्ताह बसतो: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री दोन तास कीर्तन.

हे दोन तास कसे भरतात, ते शहरी वाचकांपैकी काहींना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, आख्यान असते. गोष्ट श्रोत्याला ओढून नेते. वारकरी कीर्तनाला हा आधार नाही. बुवा पुढे उभे राहतात, मागे टाळकऱ्यांच्या ओळी, एका अंगाला मृदंग, जवळ विणेकरी. जयघोष होतो, रूपाचा अभंग होतो, आणि मग बुवा एक अभंग निवडतात. एकच. चार-पाच कडव्यांचा, एरवी मिनिटभरात म्हणून होणारा तो अभंग दोन तास चालतो. एक चरण घ्यायचा, त्यावर बोलायचे, ज्ञानेश्वरीतले किंवा गाथ्यातले प्रमाण द्यायचे, टाळकऱ्यांनी चाल लावायची, आणि पुन्हा ध्रुपदावर यायचे. पुन्हा बोलायचे, पुन्हा ध्रुपदावर यायचे. गोष्ट पुढे सरकत नाही, कारण गोष्ट नाहीच. जे पुढे सरकते ते ऐकणाऱ्याच्या मनात.

इथे माझ्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा येतो. कारखान्यातली लाइन आणि मंडपातले कीर्तन, दोन्ही पुनरावृत्तीवर उभी आहेत. दिवसभर तीच हालचाल करून आलेला माणूस रात्री पुन्हा तीच ओळ ऐकायला बसतो, हे वरवर पाहता चमत्कारिक आहे. पण लाइनवर शंभरावा बोल्ट पहिल्यासारखाच आवळला गेला पाहिजे. तिळभर फरक पडला तर नग बाजूला काढतात. ध्रुपदाचे उलट आहे. दहाव्यांदा आलेले ध्रुपद पहिल्यांदा आले तसेच ऐकू आले तर कीर्तन फसले. मधल्या वेळात बुवांनी असे काही सांगितले पाहिजे, आणि श्रोत्याने असे काही मनात फिरवले पाहिजे, की शब्द तेच राहून त्यांचे वजन वाढावे. कीर्तन चांगले की वाईट हे ठरवायला मला तरी याहून दुसरी कसोटी सापडलेली नाही. गळा, पाठांतर, विनोद, वक्तृत्व, सारे काही या एका कामासाठी.

उदाहरणावाचून हे बोलणे हवेत राहील. तुकोबांचा वृक्षवल्लींचा अभंग घेऊ. हा अभंग ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. शाळेच्या भिंतीवर, वनमहोत्सवाच्या फलकावर, सोसायटीच्या बागेच्या फाटकावर, कारखान्याने लावलेल्या रोपांच्या कुंपणावर त्याची पहिली ओळ रंगवलेली असते. इतकी, की हा झाडे लावा असे सांगणारा अभंग आहे अशी आपल्या मुलांची प्रामाणिक समजूत झाली आहे. पहिल्या ओळीवरच थांबणाऱ्याची दुसरी काय समजूत होणार?

आता गाथा उघडावी. मुंबई सरकारने १९५० साली छापलेली असो की कोणतीही चांगली प्रत असो. तिथे ‘ध्रु.’ हे अक्षर पहिल्या कडव्यापुढे दिसत नाही. ते दुसऱ्यापुढे आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा परतून यायचे ते झाडांकडे नव्हे. दुसऱ्या कडव्यात तुकोबा सांगतात, की या सुखामुळे एकांतात राहणे आवडू लागते आणि कुणाचा गुणदोष अंगाला चिकटत नाही. अभंगाचा खुंटा इथे आहे. आज घरोघरी ऐकू येणाऱ्या चालीत पहिली ओळच फिरून फिरून येते, म्हणून आपल्या कानाला झाडे ऐकू येतात आणि एकांत ऐकू येत नाही. चाल अतिशय गोड आहे, यात वाद नाही. पण कोणती ओळ परत आणायची हे ठरवणे म्हणजेच अर्थ ठरवणे, हे चांगला कीर्तनकार जाणतो आणि ध्रुपदाला दुसऱ्या कडव्यावर उभे करतो.

तसे उभे केले की पुढची कडवी वेगळी दिसू लागतात. सोयरे आले आहेत. ती झाडे, वेली आणि वनातली जनावरे. पाखरे गात आहेत. आभाळाचा मंडप घातला आहे. पृथ्वीचे आसन मांडले आहे. अंगाला लागणारे किरकोळ सामान म्हणाल तर एक वाकळ आणि एक कमंडलू. हरिकथेचे भोजन आहे, आणि तेही साधे नव्हे, नाना प्रकार करून रुचीने जेवण्याचे. सोयरे, मंडप, आसन, गाणे, पंगत! दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागून ज्यांच्या घरी मुहूर्त निघू लागतात त्या वाचकांना तरी हे काय चालले आहे ते सांगायला नको. हे लग्नघर आहे. तुकोबांनी रानात लग्नघर मांडले आहे. आणि लग्नघरात ज्याच्यावाचून सगळे अडते ती गोष्टही त्यांनी सोडलेली नाही: वेळ. मुहूर्ताची घटका भरली हे सांगायला आपल्याकडे घटिकापात्र असे, आता घड्याळ असते. या मांडवात वेळ झाल्याचे कळवतो तो वारा.

‘अवसर’ असा शब्द तुकोबांनी तिथे वापरला आहे. वारा अवसर जाणवून देतो, ही कल्पना चाकणच्या रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला सांगून पाहावी. त्याचा दिवस पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी अशा तुकड्यांचा. दर आठवड्याला पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते, जेवणाची बदलते, मुलांना भेटण्याची बदलते. वेळ सांगायला त्याच्याकडे घड्याळ आहे, मोबाइल आहे, दारावरचे हजेरीचे यंत्र आहे. वाऱ्याने वेळ सांगावी हे त्याला अशक्य वाटेल आणि ते आहेही अशक्य. पण एकदा ऐकल्यावर त्याच्या मनात ते कुठेतरी टोचत राहील. कीर्तनाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आता इतका थाट मांडून लग्न कुणाचे? शेवटच्या कडव्यात कळते. सोयरे जमले, मंडप झाला, पंगत झाली, आणि बोलणे चालले आहे ते मनाशी. तेही कसे? तुकोबांनी एकाच कडव्यात दोन शब्द ठेवले आहेत, आधी ‘संवाद’ आणि लगेच ‘वाद’. मनाशी गोड बोलणे चालू झाले आणि बघता बघता त्याचे भांडण झाले, माझे माझ्याशी. अभंग शांततेने संपतो असे आपण समजतो. माझ्या वाचनाप्रमाणे तो एका कज्जाने संपतो, ज्यात वादीही मीच आणि प्रतिवादीही मीच. तो कज्जा ऐकू यावा म्हणून एवढी सारी व्यवस्था: नातलग मुके हवेत, घड्याळ नको, गुणदोष मोजणारा कुणी शेजारी नको. फाटकावर रंगवलेली ओळ त्या व्यवस्थेची नुसती पहिली पायरी होती.

फाटकापासून या कज्जापर्यंत श्रोत्याला आणायचे, तेही जमिनीवर बसवून, टाळमृदंगाच्या गजरात, शेकडो माणसांच्या गर्दीत, याला दोन तास लागतात. मला ते जास्त वाटत नाहीत. गंमत अशी, की हा एकांत गर्दीत ऐकायचा असतो. शेजारच्याच्या गुडघ्याला गुडघा लागलेला आणि मन मात्र ज्याचे त्याच्यापाशी, ही अवस्था नाटकगृहातही येते. पण तिथे अंधार मदतीला असतो. मांडवात दिव्याच्या उजेडात ती आणावी लागते. हे काम ध्रुपदाचे.

ऐकण्याने काय होते याचा आपल्या वाङ्मयातला सर्वांत सुंदर पुरावा बहिणाबाईंच्या आत्मकथनपर अभंगांत आहे. कोल्हापूरला जयरामस्वामींच्या कीर्तनात या लहान मुलीने तुकोबांची पदे ऐकली. तुकोबांना तिने पाहिले नव्हते. तिच्याबरोबर एक वासरू असे. तेही कीर्तनाला येई, आणि एकदा दाटी फार झाली म्हणून त्याला बाहेर काढले तेव्हा ते हंबरू लागले, मग त्याला आत घेतले, असे ती सांगते. तिच्या वाट्याला पुढे मार आला, हाल आले. पण ऐकलेली पदे तिच्या मनातून हटली नाहीत, आणि पुढे ती देहूला येऊन पोचली. मराठीला एक कवयित्री मिळाली ती कुणा शाळेतून नाही; कीर्तनाच्या मांडवात मागे बसलेल्या एका श्रोतीतून मिळाली. त्या वासराची गोष्ट कुणाला भाबडी वाटेल. मला ती टीकाकाराच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटते. कारण श्रोता कसा असावा याविषयी तिच्यात जे आहे ते मोठ्या ग्रंथांत क्वचित सापडते.

दुसरा पुरावा जरा वेगळ्या ठिकाणचा, पुण्याच्या प्रभात स्टुडिओतला. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातले चमत्कार आज मुलांना हसू आणतील. पण विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की कॅमेरा थांबतो, आणि पाहणाराही थांबतो. त्याच चित्रपटात सालोमालो आहे. तो तुकोबांचे शब्द चोरतो, आपल्या नावावर खपवतो आणि नाटकी ढंगात, मुरडत, टाळ्यांसाठी गातो. शब्दांची चोरी हा त्याचा उघड गुन्हा. त्याहून बारीक गुन्हा दिग्दर्शकांनी नुसता दाखवून सोडून दिला आहे: त्याला थांबता येत नाही. पागनीसांच्या गाण्यात दोन ओळींमध्ये जी निवांत जागा आहे तीत माणूस शिरू शकतो. सालोमालोच्या गाण्यात ती जागाच नाही. एकच मजकूर लय बदलली की कसा खोटा होतो, याचा असा वस्तुपाठ मराठी चित्रपटाने पुन्हा दिल्याचे मला आठवत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की आजच्या मांडवात सालोमालो पुष्कळ झाले आहेत. नावे घेण्याचे प्रयोजन नाही. सप्ताहाला जाणारे वाचक मनातल्या मनात घेतीलच. ध्वनिक्षेपकाला असा काही घुमारा लावतात की शब्दाची कड कळत नाही. मृदंग इतका चढवतात की छातीत धडधडते. आणि बुवांचे एक लक्ष समोर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याकडे असते, कारण उद्या सकाळी या दोन तासांतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर फिरायचा आहे. तुकडा फिरायचा म्हणजे त्यात चटका हवा, सुनेवर किंवा सासूवर कोटी हवी, नाहीतर एक शेर हवा. हळूहळू असे होते, की बुवा तुकड्यांतच बोलू लागतात. कीर्तन संपते, पण ते दोन तासांचे झालेले नसते. अर्ध्या मिनिटाची दोनशे चाळीस कीर्तने झालेली असतात. ध्रुपद येते ते निव्वळ श्वास घ्यायला.

विनोदावर माझा राग आहे असे मात्र कुणी समजू नये. तुकोबांइतका तिखट विनोद मराठीत थोड्यांनी केला असेल. गाडगे महाराज तर लोकांना पोट धरून हसवीत. त्यांच्या अखेरच्या दिवसांतले, १९५६ सालचे, मुंबईत बांद्र्याला झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे, ते मिळवून जरूर ऐकावे. ते लोकांना साधे साधे प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाहीत. लोक हसतात, उत्तर देतात, आणि उत्तर देता देता आपण काय कबूल करून बसलो हे त्यांच्या ध्यानात येते. हसणे ओसरल्यावर जो क्षणभर सन्नाटा पडतो तो त्या कीर्तनाचा प्राण आहे. हल्लीच्या विनोदाला तो क्षण परवडत नाही; एक हशा पिकला की लगेच दुसरा पेरायचा. तक्रार हशाविषयी नाही, त्याच्यामागून न येणाऱ्या शांततेविषयी आहे.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. संथपणा हा काही स्वतःच गुण नव्हे. मी अशी कीर्तने ऐकली आहेत की ज्यांत कुठे घाई नव्हती, विनोद नव्हता, कॅमेराही नव्हता, आणि तरी दोन तासांत काही घडले नाही. प्रमाणावर प्रमाण, ओवीवर ओवी; बुवांचे पाठांतर अफाट होते हे सिद्ध झाले, एवढेच. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिने महाराष्ट्राला कीर्तनकारांच्या पिढ्या दिल्या, आणि पाठांतराची ती शिस्त नसती तर ही कलाच उरली नसती. पण पाठांतर हे धान्य आहे. मांडवात पोती उघडून दाखवली म्हणून कुणाचे पोट भरत नाही. सोनोपंत दांडेकरांसारखा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कीर्तनाला उभा राहत असे तेव्हा त्याच्याजवळ प्रमाणांची उणीव नव्हती. उणे-अधिक ठरते ते एका प्रमाणानंतर किती थांबायचे यावर.

आणि एक आक्षेप असा की पाळीवरून आलेल्या माणसाने दोन तास एका अभंगापाशी बसावे, हे सांगणाऱ्याचे काय जाते? सकाळी साडेपाचला घर सोडलेला, येताना चाकणच्या चौकात तासभर अडकलेला माणूस मांडवात येतो तो अर्धे कीर्तन झाल्यावर, आणि बसल्या बसल्या पेंगतो. त्याला अर्धा मिनिटच झेपते, तर तेच द्यावे. आक्षेप खरा आहे. पण हे कीर्तन आरामखुर्चीतल्या लोकांसाठी मुळी घडलेच नव्हते. ते नांगर सोडून, गुरे बांधून, उशिरा येणाऱ्या आणि दमून येणाऱ्या माणसांसाठी घडले. म्हणून तर त्याला गोष्ट नाही. गोष्ट असती तर उशिरा येणाऱ्याचे नुकसान झाले असते. ध्रुपद दर थोड्या वेळाने परत येते, आणि जो आत्ता येऊन बसला त्यालाही अभंगात घेते. ज्याचा डोळा लागला होता त्याला जाग येते तीही त्याच ओळीवर. दमलेल्या माणसाची इतकी सोय लावणारा दुसरा वाङ्मयप्रकार मला ठाऊक नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा ही सोय लावीत नाही. तो डोळ्यावरची झोप उडवतो आणि दमलेल्याला अधिक दमवून सोडतो.

देहूला गाथा मंदिरात तुकोबांचे अभंग भिंतींवर कोरले आहेत. लोक येतात, उंच भिंतींकडे मान वर करून पाहतात, छायाचित्रे घेतात, एखादी ओळखीची ओळ दिसली की बोट दाखवतात, आणि पुढे सरकतात. दगडावरच्या ओळी एका रांगेत उभ्या आहेत; तिथे परत यायची कुणावर सक्ती नाही. तेच अभंग मांडवात एका माणसाच्या तोंडून येतात तेव्हा तो माणूस पुढे सरकू देत नाही, ही कीर्तनाची खरी जबरदस्ती आहे, आणि ती आपण हसत हसत सोसतो.

आता एक क्षुल्लक सूचना करून थांबतो. सप्ताहाच्या पत्रिका सध्या मोठ्या सुरेख निघतात. रंगीत कागद, बुवांची छायाचित्रे, काकड्यापासून जागरापर्यंतच्या वेळा, अन्नदान करणाऱ्यांची नावे, मंडपवाल्याचे नाव, ध्वनिक्षेपकवाल्याचेही नाव. एक गोष्ट मात्र कुठे नसते: कोणत्या रात्री कोणता अभंग. ती छापावी. म्हणजे दुसऱ्या पाळीला अडकलेला माणूसही डब्याच्या सुट्टीत तो वाचून ठेवील, आणि घरच्या बायका दुपारी गाथा काढून आपसात चार मते मांडतील. यावर जाणते कीर्तनकार म्हणतील, आणि एकदोघांनी मला म्हटलेही आहे, की अभंग असा आधी ठरवता येत नाही. समोरची माणसे पाहून, त्या घटकेला तो सुचतो. म्हणणे रास्त आहे. मग निदान कीर्तन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडवाच्या खांबावर खडूने लिहून ठेवावा. सगळाच्या सगळा, पाचही कडवी, आणि ‘ध्रु.’ जिथे आहे तिथे.